नीच शोधणे आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीनं आमची शाखा बंद केली तेव्हा निरोप म्हणून प्रत्येकाला एकेक डायरी दिली. नोकरी काढून घ्यायची आणि डायरी हातात ठेवायची, वा रे न्याय! कपाटात पडून होती, आज काढली. बोलणार तरी कुणाशी? ही सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात जाते, तिथं रिसेप्शनवर असते, आणि संध्याकाळी येते ती चपला न काढताच खुर्चीत बसते. आईशी बोलावं तर ती नेमकं वर्मावर बोट ठेवते.

तर नोंद अशी, की इतकी वर्षं कॉपिअर मशिनं विकल्यावर आजपासून मी दुकानदार. ऑनलाइन. ड्रॉपशिपिंग म्हणतात याला. गिऱ्हाईक माझ्या वेबसाइटवर ऑर्डर देणार, मी ती कारखान्याला कळवणार, कारखाना माल परस्पर त्याच्या घरी पाठवणार. मधला फरक माझा. मालाला मी हातही लावायचा नाही. आईला हे नीट समजावून सांगितलं. तिची अख्खी नोकरी टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर गेली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माल तुझा नाही, गिऱ्हाईक तुला दिसणार नाही, पोचवणारा तिसराच. मग तू कोण?"

"दुकानदार."

"बरं," म्हणाली. हे "बरं" मी लहानपणापासून ओळखतो.

दादानं मुदत दिलीय. मार्च संपेपर्यंत घरबसल्या काही जमलं तर ठीक, नाहीतर त्याच्या मित्राच्या गोदामात देखरेखीचं काम आहे. दुसऱ्या गावात. आठवड्यातून एकदा घरी. मग दिवसभर आईजवळ कोण? तिला झटका आल्यापासून उजवा हात नुसता लोंबतोय, पायही रेटत चालते. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून त्यानं एक ठिकाण बघून ठेवलंय. "वृद्धाश्रम नाही रे, निवास आहे," म्हणतो. नाव बदललं की गोष्ट बदलते असं त्याला वाटतं.

मला आईला पाठवायचं नाही. एवढंच लिहायचं होतं खरं म्हणजे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोबाइलवर कोर्स लावलाय. शिकवणारा दाढी कोरलेला तरुण, मागे निळा दिवा. त्याचं पालुपद एकच: सगळ्यांना सगळं विकायला जाल तर कुणालाच काही विकलं जाणार नाही. एक कोपरा धरा. एका प्रकारची माणसं, त्यांची एक अडचण, बस्स. त्या कोपऱ्याला तो इंग्रजीत काहीतरी म्हणतो. 'निश' म्हणतो की 'नीच', देव जाणे. आमच्या मोबाइलचा आवाज फाटतो, कानावर नीचच पडतं.

आतून आईची हाक आली. "कोण नीच?"

"कुणी नाही गं. धंद्यातला शब्द आहे."

"'आधी आपला नीच शोधा, मग दुकान उघडा' म्हणाला तो. ऐकलंय मी. कान शाबूत आहेत माझे."

"अगं, नीच म्हणजे आपलं ठराविक गिऱ्हाईक..."

"गिऱ्हाइकाला नीच म्हणता? आम्ही खिडकीवर एवढ्या शिव्या खाल्ल्या, पण तोंडातून असा शब्द काढला नाही हो!"

ही तेवढ्यात कामावरून आली होती. दारातच हसायला लागली, आणि चपला काढून आत गेली. आता घरात तो शब्द तसाच पडला. कोर्सवाल्याचं नाव आईनं नीचगुरू ठेवलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आईला भरवत होतो. एका हातात चमचा, दुसऱ्यात मोबाइल. सध्या काय खपतंय ते बघत होतो. चमचा तिच्या नाकाला लागला.

"नाकानं खाऊ का आता?"

चूक माझीच. पण भरवण्यावाचून इलाज नाही. डाव्या हातानं जेवायला बसली की ताट पळतं. चमच्यानं भात ढकलावा तर भाताबरोबर ताटही पुढे. धरून ठेवायला दुसरा हात नाही. एकदा ताट थेट फरशीवर गेलं, डाळ भिंतीपर्यंत. त्यानंतर मीच भरवतो. भरवताना ती डोळे मिटून घेते. चवीनं खात असावी.

नीच ठरला: व्यायाम. योगाच्या चटया, पट्टे, डंबेल. फोटोसाठी नमुन्याची एक चटई मागवली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

परवा आलेली चटई आज फोटोसाठी उलगडली, तर एक कोपरा गायब! चौकोनी तुकडा कापलेला, तोही वेडावाकडा, जसा काही दातांनी कुरतडलाय. डोक्यात तिडीक गेली. कारखान्याला खरमरीत तक्रार पाठवली, फोटोसकट. असला माल गिऱ्हाइकाला गेला असता तर माझी काय शोभा झाली असती?

आईला विचारलं, चटई तू बघितलीस का? म्हणाली, "मला काय शीर्षासन करायचंय?"

ते मला पटलं.

तसाही हा नीच गेला. चटया विकणारी दुकानं इतकी निघाली की मोजायचं सोडून दिलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा नीच: गाडीतल्या वस्तू. आमच्याकडे गाडी नाही, पण त्याला काय होतं? नमुना म्हणून मोबाइल धरणारा एक चिमटा मागवला. मागे रबरी वाटी असते, ती काचेवर दाबली की चिकटते. काल टेबलावर ठेवला, आज नाही. सगळं घर पालथं घातलं. शेवटी सापडला न्हाणीघरात. बेसिनवरच्या फरशीला चिकटवलेला, आणि चिमट्यात आईचा दात घासायचा ब्रश, केस वर करून आडवा धरलेला.

ही आल्यावर विचारलं, हे काय पोरखेळ लावलेत? म्हणाली, "मी नाही बाई." मग आईकडे बघितलं, आणि दोघी हसल्या. सासू-सून एक झाल्या की घरात नवऱ्याला कोण विचारतो! चिमटा काढायला गेलो तर ही म्हणाली, "राहू द्या ना तो." राहू दिला. त्या नीचात तरी माझं मन कुठं होतं?

दादाचा फोन आला. निवासात एक खोली रिकामी होतेय म्हणाला. मी म्हटलं, मार्च संपू दे. तो म्हणाला, "मी कुठं घाई करतोय?" घाईच करतोय.

३ मार्च, सोमवार

आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

नीचगुरू म्हणाला की प्राणी पाळणारी माणसं स्वतः उपाशी राहतील, पण कुत्र्याला कमी पडू देणार नाहीत. म्हणून तिसरा नीच: कुत्री. मी समोर कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो, पण पोटासाठी काय काय करावं लागतं. कुत्र्याच्या जेवणाचं एक भांडं पसंत केलं. उंच काठाचं, आतून एका बाजूला उतार. बुडाला रबराची वाटी, दाबली की जमिनीला घट्ट बसते, कुत्र्यानं कितीही ढुशा दिल्या तरी हलत नाही. बाहेर हाडाचं चित्र. नमुना म्हणून एक मागवलं. तिथं संख्येपुढे 'नग' की 'पेटी' ते निवडायचं असतं. मी संख्या लिहिली, एक. पुढचं बघितलंच नाही.

आज एक पेटी आली.

परत घेत नाहीत. विचारून झालं. ज्या धंद्यात मालाला हात लावायचा नसतो, त्या धंद्यात माझ्या पलंगाखाली पेटीभर कुत्र्याची भांडी! ही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आई मात्र बोललीच. "सुतळी कुणी बांधलीय ही? माझ्या खिडकीवर आली असती तर परत पाठवली असती." मग पेटीतून एक भांडं काढून डाव्या हातानं फिरवून फिरवून बघत बसली. तिची करमणूक तरी झाली.

९ मार्च, रविवार

साइटवर पहिली ऑर्डर आली. दोन मिनिटं हर्षवायू झाला. मग आठवलं, चाचणीसाठी मीच दिली होती.

कंटाळा आलाय. लिहायचाही.

१३ मार्च, गुरुवार

आई हल्ली सकाळी मला बाहेर पिटाळते. भाजी आण, दूध आण, पाय मोकळे करून ये, तोंड बघ किती उतरलंय. परत आलो की टेबल पुसलेलं असतं आणि तिला भूक नसते. दोन घास घेते आणि पुरे म्हणते. तब्येत खालावतेय का? डॉक्टरला दाखवायला हवं. हिला सांगितलं तर म्हणाली, "मला तर बऱ्या दिसतात."

दिवसभर डोळ्यांच्या पेशंटांत असूनही हिला दिसत नाही.

१६ मार्च, रविवार

जे व्हायला नको तेच झालं.

दादा आईला भेटायला येणार होता. आईनंच मला म्हटलं, "जा, त्याला स्टॉपवरून घेऊन ये, आणि दोघं मिळूनच या." घेऊन आलो. दार उघडलं. समोर टेबलाशी आई बसलेली, नवी साडी नेसून, आणि कुत्र्याच्या भांड्यातून जेवत होती. हाडाचं चित्र बरोबर आमच्याकडे.

दादा दारातच थांबला. मला म्हणाला, "आईला यातून जेवायला घालतोस तू?"

आई म्हणाली, "नवं आहे रे, धुऊन घेतलंय." दादानं आवाज चढवला आणि त्याबरोबर तिचे शब्द अडकायला लागले. घाबरली किंवा चिडली की असं होतं तिचं. "हे सुटत नाही," म्हणायला लागली. "बघ ना, सुटत नाही. सुटत नाही हे." दादाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला लिहू.

मी पुढे झालो आणि भांडं तिच्या पुढ्यातून ओढलं. निघेना. जोर लावला तर टेबलच सरकलं, पाण्याचा तांब्या आडवा झाला, दादाच्या बुटांत पाणी. भांड्यातलं शीत हललं नाही. आणि आई हसली! एवढ्या प्रसंगात! मी तिच्यावर ओरडलो. कधी ओरडलो नव्हतो. तिनं डोळे मिटून घेतले.

दादा म्हणाला, आता मुदत वगैरे काही नाही. आधी पंधरा दिवस राहून बघू दे तिला तिथं. मी नाही म्हणू शकलो नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

१८ मार्च, मंगळवार

आईला सोडून आलो.

खोली स्वच्छ आहे, खिडकी आहे, बाहेर एक झाड आहे. मेट्रनबाई बोलायला बऱ्या. निघताना आई म्हणाली, "पावती घेतलीस का?" मला कळेना. "पार्सल सोडलंस, पावती नको?" मेट्रनबाई हसल्या. दादाही हसला. मला हसू आलं नाही.

घरी आल्यावर भांडी मोजली. पेटीतलं एक कमी आहे. हिला विचारलं तर म्हणाली, "त्यांच्या पिशवीत घातलं मी, साड्यांच्या खाली." म्हटलं, तुला काही लाज? ही म्हणाली, "नाही."

भांडलो नाही. त्राण नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

गोदामवाल्यांचा फोन आला. एक तारखेला रुजू व्हा. सोमवारी नक्की कळवतो म्हणालो. चटईवाल्या कारखान्याचंही उत्तर आलं, इतक्या दिवसांनी. म्हणतात, चटई आम्ही यंत्रानं कापतो, तुम्ही फोटो पाठवलाय तो कात्रीचा काप आहे. बघा तुमच्या घरात कुणी कापलीय का. उद्धटपणाची कमाल!

आईचं अंथरूण आवरायला घेतलं. उशीच्या खोळीत हात गेला तर काहीतरी जाड लागलं. चटईचा तुकडा. जांभळा, वेडावाकडा कापलेला, आणि मधोमध डाळीचा गोल डाग. ताटाच्या बुडाएवढा.

तो हातात घेऊन उठलो. मग टेबलाशी गेलो. ताटात उरलेला भात घेतला, उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं चमचा चालवला. ताट पळालं. तुकडा खाली ठेवून बघितलं. कमी पळालं, पण पळालं, आणि भात काठावरून बाहेर. मग पेटीतलं भांडं काढून टेबलावर दाबलं. शेवटचं शीतसुद्धा उताराला लागून आपसूक चमच्यात आलं.

सुटत नाही म्हणत होती ती. बरोबरच म्हणत होती.

ही आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. भांड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला आत्ता कळलं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. रोज सकाळी तुम्हाला बाहेर पाठवून सराव करायच्या. म्हणायच्या, नीट जमलं की दोघा पोरांना एकदम दाखवीन. त्या रविवारी मुद्दाम साडी नेसल्या होत्या. मीच नेसवली."

दोन्ही मुलगे येणार म्हणून ती नटून बसली होती. स्वतःच्या हातानं जेवत होती, एक शीत न सांडता. आणि आम्ही दोघांनी काय बघितलं? हाड.

रडलो. लिहायला लाज कसली, डायरी माझीच आहे.

२४ मार्च, सोमवार

गोदामाला 'नाही' म्हणून कळवलं. हिला विचारून. ही म्हणाली, "कळवा. पण मग घरात तोंड पाडून बसायचं नाही."

साइटवरून कुत्री काढली, गाड्या काढल्या, चटया काढल्या. दिवसभर शोधत होतो. एका हातानं बटण लावायचा आकडा, एका हातानं चालणारी कात्री, बाटली धरून ठेवणारं रबर. या वस्तू आहेत जगात! कुठल्या कुठल्या दुकानांत, भलत्याच नावांखाली दडून बसल्यात. माणसं मात्र साध्या शब्दांत विचारतात, 'एका हातानं भाकरी कशी मोडायची', 'वडिलांचा हात चालत नाही, ताट सरकतं'. त्यांना उत्तर द्यायला कुणी नाही. मलाही कुणी दिलं नव्हतं, आणि उत्तर घरात बसून माझ्या हातचा चमचा नाकाला लावून घेत होतं.

दुकानाचं नाव हिनं सुचवलं. 'एकहाती'.

चालेल की नाही माहीत नाही. दादाला फोन केला, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू." आईला फोन करायचं धाडस झालं नाही.

२७ मार्च, गुरुवार

मेट्रनबाईंचा फोन! म्हणाल्या, "तुमच्या आईंनी आमचं जेवणघर बिघडवून ठेवलंय हो."

"काय केलं तिनं?"

"अहो, इथं कितीतरी जणांचा एकच हात चालतो. आम्ही भरवतो, आमचा सगळा वेळ त्यातच जातो. आता ही मंडळी तोंड उघडायला तयार नाहीत. म्हणतात, आम्हालाही ते हाडवालं भांडं द्या, आमचं आम्ही जेवू. कुठं मिळतं ते? काय दर आहे? आणि हे घ्या, त्यांना बोलायचंय."

मी काही बोलायच्या आत आईचा आवाज आला. शब्द सावकाश, पण एकही अडकला नाही.

"काल तुझा दादा आला होता. त्याला पुढ्यात बसवलं आणि जेवले. पूर्ण. रडला बिचारा. लहानपणापासून रडकाच तो."

"आई, त्या दिवशी मी..."

"ते राहू दे. मी काय सांगते ते ऐक. या पार्सलचा पत्ता चुकलाय. परत पाठवायचं."

"परत कुठं?"

"पाठवणाऱ्याकडे, आणखी कुठं! नियम आहे तो. दादाला सांगितलंय मी. तू गोदामात जाणार होतास ना?"

"नाही म्हणून कळवलं."

"बरं केलंस. दुसऱ्याचा माल राखण्यापेक्षा आधी स्वतःच्या पलंगाखालचा काढ. नीच, नीच करत गावभर फिरलास. मला म्हणायचं होतं नीच, चाललं असतं मला." हसली. मग म्हणाली, "रविवारी न्यायला ये. आणि हे बघ, रिकाम्या हातानं येऊ नकोस."

३० मार्च, रविवार

हिच्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीनं हाडं पुसली जातात. दोघं दोन संध्याकाळी पुसत होतो, घरभर तो वास. एकावरचं हाड ठेवलं, आईनं तसा निरोप पाठवला होता. पुढचा माल कारखान्याकडून यायला तीन आठवडे लागतील, निवासाला तसं कळवलंय. तोवर पेटीतल्यावर भागवायचं. यातून घर चालेल का, सांगता येत नाही. नीचगुरूला कळलं की मी स्वतः माल बांधून, स्वतः उचलून, स्वतः पोचवायला निघालोय, तर कोर्समधून नाव काढून टाकेल.

सुतळी मी बांधली. ही म्हणाली, सैल आहे, त्या परत पाठवतील. सोडली आणि पुन्हा बांधली.

ही दारात उभी राहून हाका मारतेय. पेटी उचलायला दोन्ही हात लागतात, पेन खाली ठेवतो.